ल्यूज डबल्स: खाली झोपलेला गडी नेमकं काय करतो?

शाहूनगरवासी

मंडळी, एक शंका आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधली ल्यूज डबल्सची, म्हणजे स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) झोपून जोडीनं बर्फाच्या ट्रॅकवरून खाली उतरायची शर्यत परवा यूट्यूबवर सापडली. मी आणि माझी मुलगी, दोघांनी ती शेवटपर्यंत पाहिली. यानचिंगचा तो ट्रॅक, सोळा वळणं, त्यातलं एक तर पूर्ण ३६० अंशांचं. एका स्लेजवर दोन माणसं, एकाच्या अंगावर दुसरा, दोघेही उताणे, पाय पुढं. जर्मनीचे टोबियास वेंडल आणि टोबियास आर्ल्ट पहिले आले, त्यांच्याच देशाचे टोनी एगर्ट आणि साशा बेनेकेन दुसरे. दोन फेऱ्यांची वेळ मिळवल्यावर फरक किती, तर ०.०९९ सेकंद.

मुलीनं विचारलं, "बाबा, वरचा चालवतोय ना? मग खालचा कशाला?" मला काही सांगता येईना. वरच्याला निदान समोरचा बर्फ दिसतो, खालच्याच्या तोंडासमोर वरच्याची पाठ. मला तरी तो वजनापुरता घेतलाय असंच वाटतं. मग पदक दोघांना का? पण चार वर्षं मेहनत करून नुसतं वजन म्हणून झोपायला कोण तयार होईल, हेही पटत नाही. कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. शाळेतून आली की ती पहिलं हेच विचारते.

कंदी_पेढा

वजनच पाहिजे असेल तर आमचे मामा पाठवा. एका फेरीत ट्रॅक अर्धा फूट खाली जाईल.

पेठेतला_बाळू

शाहूनगरवासी, खालच्याला वजन म्हणू नका हो. आम्ही लहानपणी समर्थ मंदिराकडून राजवाड्याच्या बाजूला बेअरिंगचा गाडा सोडायचो. गॅरेजवाल्याच्या मागं लागून टाकाऊ बेअरिंगा आणायच्या. फळीच्या पुढं एक आडवी पट्टी, ती मधोमध एकाच नटबोल्टवर फिरणारी, आणि पट्टीच्या दोन टोकांना सुतळी. एकटा बसला तर सगळा कारभार त्याच्याकडं. डबल बसलो की पुढचा पायानं पट्टी दाबायचा आणि मागचा अंग झुकवायचा. मागचा उलट्या बाजूला झुकला की गाडा थेट गटारात. पुढच्याला कितीही दिसू दे, मागच्यानं अंग दिलं नाही तर त्या दिसण्याला अर्थ नाही. आणि आमच्यात काय व्हायचं, गाडा नीट खाली पोचला तर शाबासकी पुढच्याला, उलटला तर शिव्या मागच्याला.

ल्यूजमधलं मला माहीत नाही, पण तिथंही असंच असणार बघा.

फिजिक्सवाले_सर

बाळू योग्य दिशेला आहेत. थोडा तपशील देतो.

ल्यूजच्या स्लेजला स्टिअरिंग नाही आणि ब्रेकही नाही. खाली दोन रनर असतात, त्यांना पोलादी पट्ट्या बसवलेल्या, आणि त्या पट्ट्यांच्या कडेवर सगळा भार. रनरचं पुढचं टोक वर वळलेलं असतं. ते पोटरीनं आतल्या बाजूला दाबलं की स्लेज वळायला लागते. डावीकडं जायचं असेल तर उजव्या पोटरीचा दाब आणि त्याच वेळी डावा खांदा खाली रेटायचा. एकेरीत हे सगळं एकाच शरीरानं करायचं असतं. डबल्समध्ये ते वाटलं जातं. पायाचं काम प्रामुख्यानं वरच्याकडं, खांद्याचं खालच्याकडं.

आता चित्र डोळ्यापुढं आणा. वरच्याचे खांदे स्लेजला टेकतच नाहीत, तो खालच्याच्या अंगावर रेललेला असतो. स्लेजच्या मागच्या भागाशी थेट संबंध फक्त खालच्याचा. त्यानं खांदा दाबलाच नाही तर वरच्याचा पाय अर्धंच काम करतो. म्हणून शाहूनगरवासींच्या मुलीला सांगा की खालचासुद्धा चालवतोच.

उंच आणि भारी खेळाडू सहसा वर असतो, त्याचं कारण हवा. मोठ्या माणसाच्या आड लहान माणूस झाकला गेला की दोघांचा मिळून अडथळा कमी होतो. वेंडल-आर्ल्ट जोडीत वर वेंडल, खाली आर्ल्ट.

आणि ०.०९९ चा हिशोब. वेग ताशी १३० किलोमीटर धरला तर सेकंदाला ३६ मीटर होतात. म्हणजे ०.०९९ सेकंद हे साधारण साडेतीन मीटर अंतर. दोन फेऱ्या, एवढी वळणं, त्यात सगळं मिळून साडेतीन मीटर. एका वळणातून बाहेर पडताना खालच्याचा खांदा उशिरा दबला, स्लेज जराशी भिंतीला घासली, की तेवढं गेलंच.

माहुली_संगम

सर, पण खालच्याला दिसत नाही तर कधी दाबायचं ते कळतं कसं? वरचा ओरडून सांगतो का?

फिजिक्सवाले_सर

हेल्मेट, वारा आणि स्लेजचा खडखडाट, यात ओरडून सांगायला वेळच उरत नाही. वरच्याच्या अंगाची, डोक्याची हालचाल खालच्याला अंगावर जाणवते. आणि मुख्य म्हणजे ट्रॅक पाठ असतो. कुठल्या वळणाला किती दाब, तो कधी सोडायचा, हे दोघांच्याही डोक्यात आधीच बसलेलं असतं.

तिखट_शेंगदाणा

सगळं वाचलं. तरी मला हा खेळ म्हणून पटत नाही. धावणारा स्वतःच्या पायानं धावतो, पैलवान स्वतःच्या ताकदीवर समोरच्याला उचलतो. इथं काम पृथ्वी करते. उतारावर ठेवलेली कुठलीही वस्तू खाली येणारच. त्यात जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, लातविया, हेच चार-पाच देश आलटून पालटून पदकं घेणार. याला जागतिक स्पर्धा का म्हणायचं?

रानजाई

तिखट_शेंगदाणा, अर्ध्याशी सहमत नाही.

सुरुवात बघितलीत का तुम्ही? दोन्ही बाजूंना पकडायला दांडे असतात. वरचा ते धरतो, खालचा पट्ट्याला धरून त्याच्या जोडीनं जोर लावतो. स्लेज मागं-पुढं झुलवतात आणि एका झटक्यात स्वतःला पुढं फेकतात. लगेच हातमोज्यांच्या बोटांना बसवलेल्या बारीक खिळ्यांनी बर्फ ओरबाडत दोन-चार हात मारतात, दोघांचे हात एकाच तालात. मग आडवे. तिथं गेलेला वेळ पुढं भरून निघत नाही. हे पृथ्वी करत नाही, खांदे आणि पाठ करते.

नंतर वळणं. काही वळणांत शरीरावर वजनाच्या चार-पाच पट दाब येतो आणि त्या दाबात मान टेकू न देता धरायची. आता खालच्याचा विचार करा. स्वतःचा दाब आहेच, शिवाय वरच्या गड्याचा भारही वळणात कित्येक पटींनी त्याच्याच छातीवर. त्या अवस्थेत तो श्वास धरून खांदा नेमक्या क्षणी दाबतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेच्या स्नायूंकडून असं काम करून घ्यायला वर्षं लागतात, हे मी रोज बघते.

चार-पाच देशांचा मुद्दा मात्र खरा आहे.

तिखट_शेंगदाणा

मानेचं पटलं. खालच्याच्या छातीवर येणाऱ्या भाराचा मी विचारच केला नव्हता. पृथ्वीचं अजून पटलेलं नाही.

परदेशी_पाखरू

मूळ गाव वाई, आता जर्मनीत. विंटरबर्गला विश्वचषकाची शर्यत पाहिली आहे म्हणून लिहितो.

टीव्हीवर कळत नाही अशी पहिली गोष्ट म्हणजे आवाज. आधी वरच्या वळणांतून एक घरघर येते, ती चढत जाते, आणि समोरून काहीतरी निघून जातं. मान वळवेपर्यंत संपलेलं असतं. एकेरीची आणि डबल्सची स्लेज डोळे मिटून ओळखता येते, डबल्सचा आवाज जड असतो. कठड्याला हात लावला तर हाताला थरथर कळते.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या जागेजवळ दिसली आणि ती मी विसरणार नाही. एक जोडी आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. दोघांचे डोळे मिटलेले. दोघांचीही डोकी आणि खांदे हळूहळू डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं कलत होते. मनातल्या मनात ट्रॅक उतरत होते. एकमेकांकडं बघत नव्हते, तरी दोघांचा कल एकाच वेळी होत होता. माहुली_संगम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. खालच्याला बघायची गरज पडत नाही, कारण त्यानं ती फेरी आधीच केलेली असते.

वेंडल आणि आर्ल्ट दोघेही बेर्ख्टेसगाडेनच्या भागातले, म्हणजे कोनिगसे ट्रॅकच्या आसपास वाढलेले. २०१४, २०१८ आणि २०२२, तिन्ही ऑलिंपिकमध्ये डबल्सचं सुवर्ण त्यांचं, आणि तिन्ही वेळा सांघिक रिलेचंही (एका देशाच्या स्लेज एकामागून एक सुटतात ती शर्यत). सहा सुवर्णं, आणि प्रत्येक वेळी तीच जोडी, तोच वर आणि तोच खाली. इथं लोक त्यांना 'बायर्न एक्सप्रेस' म्हणतात.

कृष्णाकाठ_सांगली

पाखरू, प्रतिसाद फार आवडला. एक विचारू का? सख्खे भाऊ जोडीनं उतरतात का? आमच्याकडं कुस्तीत, बैलगाडा शर्यतीत भावाभावांच्या जोड्या खूप.

परदेशी_पाखरू

उतरतात की! ऑस्ट्रियाचे आंद्रेआस आणि वोल्फगांग लिंगर, सख्खे भाऊ, २००६ आणि २०१० चं सुवर्ण त्यांचं. २०१४ ला वेंडल-आर्ल्टनी हरवलं तेव्हा रौप्यही त्यांनाच. त्याच शर्यतीत कांस्य घेणारे लातवियाचे आंद्रिस आणि युरिस शिक्सही भाऊच.

कंदी_पेढा

शेताच्या बांधावरून भांडण नसलं की भाऊ एकाच स्लेजवर मावतात, असा अर्थ.

जुनाजाणता

डबल्सचा विषय निघालाच आहे तर १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इटलीचे पाउल हिल्डगार्टनर आणि वाल्टर प्लाइकनर, आणि पूर्व जर्मनीचे होर्स्ट हॉर्नलाइन आणि राइनहार्ड ब्रेडो, दोन्ही जोड्यांची दोन फेऱ्यांची एकूण वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तंतोतंत सारखी. दोघांनाही सुवर्ण दिलं गेलं. त्यानंतर ल्यूजमध्ये वेळ हजाराव्या भागापर्यंत मोजायला लागले. बॉबस्ले आणि स्केलेटन, हे बर्फाच्या ट्रॅकवरचेच दुसरे दोन खेळ, आजही शंभराव्या भागावर थांबतात. म्हणजे सरांनी सांगितलेले ते ०.०९९ मुळात मोजता येतात, त्यामागं डबल्सचीच शर्यत आहे. हिल्डगार्टनर पुढं १९८४ ला एकेरीचंही सुवर्ण घेऊन गेला.

बरोबरीचा योग या खेळाला पहिल्यापासून आहे. १८८३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दावोसहून क्लोस्टर्सपर्यंत, सुमारे चार किलोमीटरच्या रस्त्यावर, पहिली आंतरराष्ट्रीय स्लेज शर्यत झाली. त्यातही दोघे पहिले. एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी आणि दुसरा क्लोस्टर्सचा टपालवाला. टपालवाल्याला रस्ता रोजच्या पायाखालचा असणार.

फसवाफसवीही झालेली आहे. १९६८ च्या ग्रेनोबलला पूर्व जर्मनीच्या महिला खेळाडूंना रनरच्या पट्ट्या तापवल्या म्हणून बाद केलं. तापलेलं पोलाद बर्फावर जास्त सुळकन जातं. आता सुरुवातीलाच पट्ट्यांचं तापमान तपासतात.

स्नेहल_वाई

वाचताना मजा येते आहे, पण एक काळजी मांडते. आमच्या पसरणी घाटात सुट्टीच्या दिवशी सकाळी पोरं स्केटबोर्ड आणि सायकली सोडतात. यवतेश्वरच्या रस्त्यावरही बघितलंय. असे व्हिडिओ बघून उद्या कुणी घरगुती स्लेजवर झोपून निघालं तर? ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही, घाटात येते.

आणि ट्रॅकवरही माणूस जातोच. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशी सरावात जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली गेला. व्हिसलरचा ट्रॅक, शेवटच्या वळणातून बाहेर फेकला गेला आणि लोखंडी खांबावर आदळला. २१ वर्षांचा मुलगा. त्यानंतर पुरुषांची सुरुवात खाली, महिलांच्या जागेवरून केली, महिला आणि डबल्सची त्याहून खालून. आईच्या नजरेनं मला हा खेळ बघवत नाही.

शाहूनगरवासी

स्नेहलताई, काळजी रास्त आहे. मुलीला घाटाच्या रस्त्यावर काहीही करायचं नाही हे स्पष्ट सांगितलंय. व्हिसलरचंही वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग तिनं विचारलं, "त्याच्या टीममधले बाकीचे खेळले का?"

रानजाई

शाहूनगरवासी, सांगा तिला. जॉर्जियाचं पथक त्याच संध्याकाळी काळ्या फिती लावून उद्घाटनाला चाललं होतं. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं.

वारणेचा_वाघ

आपल्याकडचं कुणी या खेळात आहे का? का नुसतं यूट्यूबवर बघायचं?

जुनाजाणता

आहे ना! शिवा केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा, वडील केरळचे, आई इटालियन. शाळेत असताना एका ऑस्ट्रियन प्रशिक्षकाचं शिबिर झालं, तिथं चाकांच्या स्लेजवर निवड झाली. १९९८ च्या नागानोला सोळाव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक खेळला. भारतात बर्फाचा कृत्रिम ट्रॅक एकही नाही, म्हणून हिमालयातल्या रस्त्यांवर चाकं लावलेल्या स्लेजवर सराव करायचा, ट्रक आणि मेंढरांच्या कळपातून वाट काढत. २०१४ ला सोचीत आपली ऑलिंपिक संघटना निलंबित होती, म्हणून उद्घाटनाला तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालला. खेळ चालू असतानाच निलंबन उठलं. आशियाई स्तरावर त्यानं सुवर्णपदकं मिळवली आहेत.

पण तो सगळा एकेरीत. डबल्समध्ये भारताची जोडी ऑलिंपिकला एकदाही गेलेली नाही. एक माणूस तयार व्हायला एवढं लागलं, एकमेकांना तोलून धरणारे दोघे एकाच वेळी कुठून आणायचे?

कृष्णाकाठ_सांगली

आणि का आणायचे, हा माझा प्रश्न. वाईट वाटून घेऊ नका. आमच्या तालुक्यात एका तालमीची मॅट फाटलीय, पोरं फाटक्या कडेला टाळून लढत देतात. क्रीडासाहित्यासाठी अर्ज करून थकले. कबड्डी, कुस्ती, खो-खो, यांत आपली पोरं खरोखर वर जाऊ शकतात. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना आज कुठं आहे बघा. जिथं बर्फच पडत नाही तिथल्या पोरांनी ल्यूजची स्वप्नं बघावीत, त्यावर पैसा जावा, हे मला पटत नाही.

वारणेचा_वाघ

सांगलीकरांशी सहमत. आधी मॅट.

पेठेतला_बाळू

मॅट पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण 'आपल्याकडं कुठं' हे वाक्य आमच्या जिल्ह्यानं फार ऐकलंय. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं. तिथून कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता कालपरवाचं घ्या. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली, वय १७. ऊस लावलेल्या रानाशेजारी सराव करणारी पोर जगज्जेती होईल, असं आधी कुणी म्हणालं असतं का?

कृष्णाकाठ_सांगली

बाळूदादा, धनुष्यबाण रानात चालतो. बर्फ चालत नाही.

परदेशी_पाखरू

बर्फाशिवायही सुरुवात होते. इथं जर्मनीत लहान मुलांना उन्हाळ्यात चाकांच्या स्लेजवरच शिकवतात, बंद केलेल्या रस्त्यावर, गवताच्या गासड्या लावून, प्रशिक्षक आणि हेल्मेटसकट. स्नेहलताई, कृपया 'बंद केलेल्या रस्त्यावर' हे ठळक वाचावं.

आणि गरम देशांचं म्हणाल तर २०१४ च्या सोचीत टोंगाचा एक ल्यूजपटू उतरला होता. पॅसिफिकमधलं बेट, बर्फाचा मागमूस नाही. प्रायोजक जर्मन अंतर्वस्त्र कंपनी होती आणि गड्यानं स्वतःचं नावच त्या कंपनीचं, ब्रूनो बनानी, करून घेतलं होतं.

कंदी_पेढा

म्हणजे आमच्या पोराचं नाव बदलून 'सातारी कंदी पेढा' ठेवलं तर प्रायोजक राजवाड्यावरच मिळतील. मी विचारून येतो.

फिजिक्सवाले_सर

महाराष्ट्रात ट्रॅक होईल का, असं एकानं व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथंच सांगतो. कृत्रिम ट्रॅक म्हणजे काँक्रीटची वळणदार नाळ, तिच्या पोटात शीतकरणाचे पाइप, बहुतेक ठिकाणी अमोनियाचे. लांबी एक-दीड किलोमीटर. कोनिगसेचा ट्रॅक १९६९ चा, अशा प्रकारचा जगातला पहिला, आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरात त्याचाही मोठा भाग वाहून गेला. नागानोचा ट्रॅक तर ऑलिंपिकनंतर वीस वर्षांनी खर्च परवडेना म्हणून गोठवणं बंद केलं. जपानला परवडला नाही. सांगलीकरांचा पैशाचा मुद्दा मी हलका धरत नाही. चाकांवरचं प्रशिक्षण, तेही बंदिस्त जागेत, एवढंच मला व्यवहार्य वाटतं.

माहुली_संगम

विषय फार लांब गेला. मूळ प्रश्न खालच्या माणसाचा होता. मला एक अजून कळत नाही. समजा वरच्याची चूक झाली, त्यानं नको तिथं पाय दाबला. खालच्याला ते कळलं. तो सावरू शकतो का?

फिजिक्सवाले_सर

काही प्रमाणात. खांद्याच्या दाबानं स्लेजची मागची बाजू रोखता येते. पण धोका असा की वरच्याला त्याची चूक त्याच क्षणी कळलेली असते आणि तोही सावरायला जातो. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न सांगता दुरुस्ती केली की दुरुस्ती दुप्पट होते आणि स्लेज दुसऱ्या भिंतीला लागते. म्हणून चांगल्या जोडीत कुठल्या प्रकारची चूक कुणी सावरायची हे सरावात ठरलेलं असतं. दुसऱ्यानं त्या वेळी हातपाय आवरून शांत राहायचं.

पेठेतला_बाळू

हे शांत राहणं सगळ्यात अवघड. भिंत अंगावर येताना काही न करता पडून राहणं म्हणजे चेष्टा नाही. आमच्या गाड्यावरचा मागचा नेहमी तिथंच घात करायचा. घाबरून पाय खाली टेकवायचा.

रानजाई

अगदी. आणि म्हणूनच 'खालचा झोपलेला आहे' हे वाक्य मला टोचतं. तिथं त्याला डोळ्यांचा आधार नाही, हातात काही नाही, आणि वरच्यावर विश्वास ठेवणं हा कामाचाच भाग आहे. तो घाबरून आखडला तर त्याचं आखडणं वरच्याला पाठीवर कळतं आणि वरचाही आखडतो. वेंडल-आर्ल्टची सहा सुवर्णं बघताना आपण वेंडलचा चेहरा बघतो, कारण कॅमेऱ्याला तोच दिसतो. मला विचाराल तर निम्मी शर्यत आर्ल्टच्या खांद्यांत आहे.

तिखट_शेंगदाणा

निम्मी? आता मी म्हणतो निम्म्याहून जास्त. दिसत असताना धाडस करणं वेगळं आणि न दिसता करणं वेगळं. शाहूनगरवासी, पदक दोघांना का, या तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर: खालच्याला मोठं द्यायला पाहिजे.

स्नेहल_वाई

दोघींनाही द्या म्हणजे झालं. २०२६ च्या मिलानो-कोर्टिना ऑलिंपिकपासून महिलांची डबल्स वेगळी शर्यत म्हणून आली. त्याआधी नियमात महिलांना मज्जाव नव्हता, पण उतरायचे पुरुषच. मला हा खेळ बघवत नाही हे खरं, तरी मुलींची नावं त्या यादीत आली याचा आनंद आहे.

शाहूनगरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचा खांद्याचा मुद्दा आणि पाखरूंनी सांगितलेली डोळे मिटून उभी असलेली जोडी, दोन्ही मुलीला वाचून दाखवलं. तिनं लगेच जमिनीवर चटई टाकली, मला वर झोपवलं, स्वतः खाली गेली आणि म्हणाली, "आता डावीकडं वळा." मी पाय हलवला. ती ओरडली, "मला कळलंच नाही, परत." पाठ दुखायला लागेपर्यंत हे चाललं होतं. शेवटी शेवटी मी पाय हलवायच्या आधी तिचा खांदा दबायला लागला. कसं कळतं म्हणून विचारलं, तर म्हणे तुमचं पोट आधी कडक होतं.

वजनापुरता माणूस हे माझं मत मी मागं घेतो. आता तिचा नवा प्रश्न. रिलेमध्ये खाली पोचल्यावर वर टांगलेल्या पाटीला हात मारायचा असतो आणि मग पुढच्या स्लेजसाठी वरचं गेट उघडतं, हे तिनं पाहिलं. डबल्समध्ये हात कोण मारतो?

परदेशी_पाखरू

वरचा. शेवटच्या रेषेजवळ तो अर्धवट उठून बसतो आणि मारतो. खालच्याला तोपर्यंत स्लेज सरळ धरून ठेवायची असते, कारण वरचा उठला की तोल बदलतो. २०१४ पासून रिले ऑलिंपिकमध्ये आहे, सोचीची फेरी आधी दाखवा तिला. पाटीला हात लागला नाही तर संघ बाद होतो, त्यामुळं तो शेवटचा क्षण फार ताणलेला असतो.

शाहूनगरवासी

दाखवतो. चटईवर आता हेही होणार, पंख्याला पाटी बांधायची मागणी आलेली आहे.

स्नेहल_वाई

पंख्याला नको! दाराच्या चौकटीला बांधा.